पान दोनशे बारा

सुट्टी लागली की वसतिगृहाच्या खोल्या मी रिकाम्या करतो.
कॉटखाली सापडेल ते पोत्यात:
मृदा यांत्रिकी, करार कायदा,
भाषाविज्ञानावर चहाच्या कपाचे तीन गोल,
सेंद्रिय रसायन, उशीइतकं जाड,
आणि मधोमध डोक्याएवढा खळगा.

अप्पा बळवंत चौकात तांबोळी पुस्तक उघडत नाही.
तळहातावर तोलतो, पाठ बघतो, भाव सांगतो.
"कायदा चालेल. रसायन ठेव.
संख्याशास्त्र नको, अभ्यासक्रम बदलला."
"बेरीज पण बदलली का?"
तो हसला. घेतलं मात्र नाही.

परत आणलं, सायकलच्या कॅरिअरला लावून.
आत नाव: विश्वंभर गुट्टे, खोली सतरा.
आठवतो. शिट्टी वाजवत जिना चढायचा.
पानापानावर पेन्सिल, मुंगीसारखं अक्षर,
आणि दोनशे बाराच्या समासात:
"इथवर झालं. उरलेलं गावाहून आल्यावर."
पुढची पानं स्वच्छ,
काही तर अजून एकमेकांना चिकटलेली.

रात्री गेटवर, दिव्याखाली,
नखाने सोडवून दोनशे तेरा उघडतो.
कळत काहीच नाही.
तरी बोट ओळीखालून नेतो,
पान संपलं की
खुणेला बसचं तिकीट ठेवतो.