दिवेमालवण

मुसंदमच्या त्या खोरात रस्ता येत नाही.
होडी येते, तीही वाऱ्याचा मूड बघून.
डोंगर थेट पाण्यात उतरलेले, खरचटलेल्या गुडघ्यांचे,
शेळ्या सुकी तारली खातात,
आणि महिन्यातून एकदा, अवसेला,
गहूर वर येतो.

गहूर काळोखाचा देव. काळा नव्हे,
त्याला रंगच नाही, मौजा म्हणते,
रात्री विहिरीत वाकून बघ, काय दिसतं? तसा.
हे सांगताना ती खजूर चघळत असते
आणि बी लांब थुंकते,
पाण्याला कुणाची आधी शिवते अशी माझ्याशी पैज लावून.

ती त्याची पुजारीण. साठीची. पुढचा एक दात नाही.
सोनेरी बतूला कपाळावर सरकवलेला, गॉगल सरकवावा तसा.
आमच्यात मौज म्हणजे काय, ते तिला सांगितलं
तर म्हणाली, बघ, तुमच्याकडे मी आधीच पोचलेय.

काम तिचं एवढंच:
अवसेच्या सांजेला दारोदार जाऊन दिवे मालवायचे.
कंदील, चुली, पोरांच्या हातातल्या विजेऱ्या,
आजारी हस्सूनच्या उशाची वातसुद्धा
(तिथं आधी ती त्याच्या तळपायाला गुदगुल्या करते).
घरटी एक खजूर, एक पेला कडू कॉफी.
सातव्या घरी धाप लागते, आठव्या घरी पुन्हा भूक.
शेवटी माझ्या शेडच्या पत्र्यावर थाप:
"मालव तुझा राक्षस. माझा येतोय."

माझा राक्षस म्हणजे जनरेटर.
डिझेल, गंजका पाना आणि मी, तिघे मिळून गावाला उजेड देतो.

आई म्हणायची, दिवा विझला म्हणू नये रे,
मालवला म्हणावं.
हेही मौजाला सांगून टाकलं.
कुठल्या गावचा तू?
मालवणचा.
ती मटकन बसलीच पायरीवर. डोळे पुसते, पुन्हा हसते,
"अरे, मग तुला कुणी कामावर नाही ठेवलं,
त्यानं पत्ता वाचून बोलावलंय!"

जनरेटर थांबला की आधी कान दुखतात.
मग समुद्र ऐकू येतो.
मग समुद्र ऐकू येईनासा होतो.
ते त्याचं येणं.
घराघरांत माणसं भिंतीकडे तोंड करून निजलेली,
आणि मौजा पाण्यात पाय सोडून त्याला गावच्या बातम्या देते:
दरवीशच्या शेळीला तिळं झालं,
तिसरं तुझ्यासारखं, दिसत नाही, नुसतं ओरडतं.
तारलीचा भाव पडला. तुझ्यामुळे! होय, तुझ्यामुळे!
इतकी कशाला जन्माला घालतोस?
सालमीनने दाढी रंगवली, मिशी विसरला.

गहूरच्या पोटात अकरा होड्या आहेत.
गावात त्या बोटांवर मोजतात, मग एक बोट कमी पडतं.
नववी खमीसची. खमीस तिचा नवरा.
चांगला पोहायचा, म्हणतात. सगळेच चांगले पोहायचे.

एकदा विचारलं मी. विचारायला नको होतं.
मौजा, त्याच्यापुढे तुला हसू येतं कसं?
ती पायातली वाळू झाडत राहिली बराच वेळ.
"देव हसला की त्याचं पोट हलतं," म्हणाली.
"आतल्या माणसांना कळतं,
वर अजून कुणी जागं आहे."
मग लगेच, "खजूर आण, नुसता उभा काय?"

त्या अवसेला तिच्याकडच्या गोष्टी संपल्या होत्या.
अंधारात मला हाक आली.
मी माझ्या बोलीत एक सांगितली,
मामाची, फणसाची आणि पोलिसपाटलाची,
जरा वावगी. गहूरला मालवणी येत नसावी.
मौजाला तर नाहीच, पण तीच आधी खिदळली.

बराच वेळ काही नाही.
मग खोल, खूप खोल, डोंगराखालून
लाकडावर लाकूड आपटल्यासारखं काहीतरी.
एकदा. पुन्हा.
ती उठली, कमरेएवढ्या पाण्यात गेली, कान लावून उभी राहिली.

पहाटे मी शेडमध्ये आलो.
हँडलला हात घातला, फिरवलं नाही.
बाहेर ती अजून पाण्यात होती
आणि फणसाला अरबीत काय म्हणतात
ते ओरडून मला विचारत होती.