तीन मिनिटं, बोपार्ड

भिशीचे पैसे कुणीच उचलायचे नाहीत
असं ठरलं, त्याला हे चौथं वर्ष.
वहीत माझ्या अक्षरात: नऊ जणी, ऱ्हाईन नदी, मे किंवा सप्टेंबर.
मे खोडलेला.
मे महिन्यात नागपुरातून पळायला कोण तयार नसतं,
पण मेमध्ये नातवंडं येतात.

त्रिमूर्तीनगरात घटाटेच्या हॉलमध्ये कूलर घुरघुरतो,
खसचा ओला वास,
टेबलावर नकाशा, चार कोपऱ्यांवर चिवड्याच्या चार वाट्या.
नदी निळी, वळणावळणाची,
आणि वळणागणिक एक किल्ला,
आपल्याकडे पानठेला असतो तसा.
"इतके काहून बांधले वं यांनी?" लांजेवार विचारते.
जकातीचे नाके होते ते, मी वाचून आलेली,
नावा अडवायच्या, पैसे घ्यायचे, मग सोडायच्या.
"म्हणजे टोलच की."
एवढ्यावर दहा मिनिटं हसणं.

वासनिकचा प्रश्न: पायऱ्या किती?
दोघींचे गुडघे बदललेले, तिघी तारखेच्या प्रतीक्षेत.
ठराव: किल्ले बोटीतूनच बघायचे,
मान वर करायला पैसे पडत नाहीत.
उईकेची मान पट्ट्यात आहे,
तिनं आक्षेप नोंदवला. मी लिहून घेतला.
ढोबळे सावजी मसाला नेणार,
कस्टमवाल्यानं डबा उघडलाच
तर आपला नाही म्हणायचं.

आम्ही सगळ्या टेलिफोनवाल्या.
सीताबर्डीच्या एक्स्चेंजात ट्रंकच्या बोर्डापुढे
ओळीनं बसायचो, दोऱ्या खोचत,
"मुंबई, मुंबई, नागपूर बोलतंय,"
आणि मुंबईच्या पलीकडे कुठं कुठं
कुणाकुणाला भिडवून द्यायचो.
स्वतः गेलो ते एलटीसीवर, तिरुपतीपर्यंत.

शकुन भोयर इतका वेळ गप्प होती.
तिच्याशी बोलायचं तर उजवीकडे बसावं लागतं,
डावा कान एकवीस वर्षांत हेडफोननं खाल्ला.
ती वाकली, चष्मा कपाळावर सारला,
बोटानं नदी धरून हळूहळू वर गेली
आणि एका ठिपक्यावर नख रोवलं.
"इथं उतराचं."
बोपार्ड. आमच्या यादीत नव्हतं.

"त्र्याऐंशी साल. रात्रपाळी.
महालातल्या एका बाईनं बुक केला होता,
पोरगा तिथं, कोणत्या तरी कारखान्यात.
चार तास लाईन नाही.
लागली, तर बाई बोललीच नाही.
तीन मिनिटं.
तो नुसता आई, आई,
अन् मागं पाणी वाजत होतं,
का लाईनच तशी होती, मले नाही सांगता येत.
ऐकाचं नसते आपण. मी ऐकलं.
बिल तर पुरंच लागलं असन तिले."

कूलरमधलं पाणी केव्हाच संपलं होतं,
पंखा सुकाच फिरत होता.
कुणी उठलं नाही.
मी वहीत लिहिलं: बोपार्ड, मुक्काम एक रात्र.
माणशी किती वाढतात ते नंतर बघू.
"तिथं जाऊन करशील काय वं?" लांजेवारनं विचारलं.
शकुननं तिच्याकडे डावा कान केला.

शुक्रवारी गोकुळपेठेत व्हिसाचे फोटो.
पोरगा विशीतला, च्युइंगम चघळणारा:
"आंटी, केस मागे. दोन्ही कान दिसले पाहिजेत."
शकुन स्टुलावर बसली, पाय जमिनीला पुरत नव्हते,
केस मागे घेतले, एका बाजूचे, मग दुसऱ्या.
"हलू नका."
नाही हलली.
दिवा लखकन् पेटला तेव्हा
ती कुणाचं तरी ऐकत असल्यासारखी दिसत होती.

बाहेर आम्ही आठ जणी,
नऊ फोटोंना अठराशे कशाचे,
यावरून काउंटरवर भांडत होतो.