नावं ठेवलेला दगड

बोहेमियातल्या त्या टेकडीवर लोखंडाची खाण होती.
आता बर्चची झाडं आहेत
आणि एक फाटक, जे कुणी लावत नाही.

रोझालिये तेरा वर्षांची, निवडायच्या फळीवर.
तांबडं ठेव, काळं ठेव,
पिवळं दिसलं की फेक.
भेगांत दडून असायचं ते,
सुईहून बारीक सोनेरी केसांचे झुबके,
भुंग्याच्या पाठीवरची लव
कुणी खरवडून दगडाला चिकटवावी तसे.

मुकादम प्रोकोप सांगायचा,
हे भट्टीत गेलं की लोखंडाला गारठा सोसत नाही.
उन्हाळ्यात काही कळायचं नाही.
जानेवारीत, घोडे चढावर असताना,
गाडीचा आकडा तुटतो
काचेसारखा.

मग भिंगं घेऊन शहाणी माणसं आली.
ग्रीक शब्द जोडून त्यांनी त्याला नाव ठेवलं:
वाईट पाहुणा.
नाव ठेवलं आणि नावं ठेवली,
मराठीत एका टिंबाचा फरक.
त्यांनी तेवढाही ठेवला नाही.

पाहुणा कोण पण?
पाणी खडकात मुरत होतं,
लोखंड आतल्या आत गंजत होतं,
तेव्हापासून हे तिथे अंधारात फुलत बसलेलं.
भट्टी परवा आली.

रोझालियेने एक तुकडा एप्रनच्या दुमडीत शिवून टाकला.
सतराव्या वर्षी लोहाराच्या घरात दिली तिला,
दोन डोंगर पलीकडे.
सासू चार बायकांत म्हणायची, ही खाणीकडची,
हिच्या हाताला चव नाही.
नवऱ्याने दगड पाहिला, कपाळाला आठ्या घातल्या,
हे घरात कशाला?
माहेरचं आहे, ती म्हणाली.
त्यावर तो काही बोलला नाही.
ऐरणीपासून लांब ठेव, एवढंच.

तिच्या पणतीकडे आहे तो अजून,
खोकल्याच्या गोळ्यांच्या डबीत, कापसावर.
मी वाकून बघायला लागलो तर हात आडवा धरला:
श्वास नका सोडू, केस मोडतात.

भट्टी पडली. ऐरण भंगारात गेली.
जिथे पिवळं फेकायचे त्या ढिगाऱ्यावर
रविवारी लोक येतात, छोटे हातोडे घेऊन,
गुडघे चिखलात टेकून
तेच शोधतात.

आणि फाटक? मी विचारलं.
बिजागरी तुटली, ती म्हणाली,
एका थंडीत, रात्रीची,
कुणी हातही लावला नव्हता.
मग डबीचं झाकण लावत, जरा हसून,
फळीवर दिवसभर उभं राहायचं म्हणजे...
एखादा सुटला असेल हातून.
किंवा सोडला असेल.