अजून उजेड होता

समडोळीत वैशाखात अंगणाच्या फरशीवर पाय ठेवू नये.
अशा दुपारी ह्यांनी सांगलीहून, गणपती पेठेतून आणलं
पाव किलो कुट्टूचं पीठ, चुलीतल्या राखेच्या रंगाचं.
म्हटलं, हे तर तिकडची माणसं उपासाला खातात.
म्हणाले, जपानात रोज खातात. शेवया करून. गार.

तीस वर्षं टूलरूममध्ये काढलेला माणूस
परातीपुढं मांडी घालून बसला.
कंपनीनं एक्क्याण्णव साली सहा महिने धाडलं होतं,
ते सहा महिने आमच्या घरात अजून संपलेले नाहीत.

पीठ मळेना. चिरा जायच्या,
पाणी ओसरल्यावर वारणेच्या मळीला जातात तशा.
ह्याला गव्हासारखा चीक नाही, मी म्हटलं,
आणि न विचारता दोन मुठी लोकवन टाकला.
गोळा झाला.
मग पोळी लाटून, दुमडून, पट्टी धरून
हे कापायला बसले, शेजारी व्हर्नियर:
दोन मिलीमीटर, दोन मिलीमीटर,
आणि एक जाड निघाली.
ती त्यांनी वेगळी ठेवली. रिजेक्ट.
माझ्या शेवया आजवर कुणी मोजल्या नाहीत.
अंगठ्याला कळतं, तेवढं पुरतं.

घरमालकिणीचं नाव तोमिए.
पहिल्या संध्याकाळी तिनं बांबूच्या चटईवर ह्याच शेवया मांडल्या,
शेजारी वाटीत काळंभोर पाणी.
ह्यांनी वास घेतला. मासळी.
सांगावं तर भाषा नाही.
वाटी हळूच सारली,
मीठ लावून कोरड्याच खाल्ल्या, सगळ्या,
दिवस मावळायच्या आत.
ती बघत होती.
दुसऱ्या दिवशी वाटीत नुसतं समुद्राच्या पाल्याचं पाणी.
ह्यांना विश्वास वाटावा म्हणून
तिनं पातेलं तिरकं करून दाखवलं,
तळ दिसेपर्यंत.
ही गोष्ट मी कितींदा ऐकली असेन,
पातेल्यापाशी हे दर वेळी थांबतात.

समुद्राचा पाला समडोळीत कुठला?
मी हुलग्याचा कट काढला,
नातवाच्या बाटलीतला सोया सॉस दोन चमचे, गुळाचा खडा.
तिकडं हिरवं काहीतरी किसून घेतात, नाकात जातं.
ते मूळ. मूळ आपल्यात चालत नाही.
मोहरी फेसली.
ह्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, मोहरीनं.

उकळत्या पाण्यात दीड मिनिट, हे घड्याळ धरून उभे.
बर्फ मला चालत नाही.
सकाळीच पाणी गाळून दोन माठ भरले होते,
ओलं फडकं गुंडाळून मागच्या सोप्यात, वाऱ्याला.
शेवया रोवळीत उपसल्या, वरून माठ ओतला.
चोळ, हे म्हणाले, अंगावरची पेज गेली पाहिजे.
तान्ह्या पोराच्या बोटांच्या बेचक्या चोळाव्या
तशा चोळल्या.
पाणी निवळलं.
हाताला लागल्या गार,
विहिरीच्या आतल्या पायरीसारख्या.

ऊन आदगोंडा मास्तरांच्या नारळावर चढलं होतं.
घाई घाई पाटावर बसलो.
बुडवायचं आणि भुरका मारायचा,
आवाज केला तरच मान राखला म्हणे.
नवी नवरी असताना कढीच्या एका भुरक्यावरनं
सासूबाई दोन दिवस बोलल्या नव्हत्या.
चाळीस वर्षांचा साठवून मी मारला.
कुंपणापलीकडनं मास्तर म्हणाले, वैनी, काय फुटलं?

उकळलेलं पाणी ह्यांनी ओतू दिलं नाही.
उरलेल्या कटात घालून ऊन ऊन प्यायले, मला दिलं.
पिठूळ, खारट, जरा गोड.
तोमिएबाई शेवटी हेच द्यायची, म्हणाले,
मग बराच वेळ काही नाही.

ताटाच्या कडेला ती जाड शेवई होती,
कच्चीच, वाळत चाललेली.
मी ती गरम पाण्यात बुडवली,
गार केली, खाल्ली.
अजून उजेड होता.