निळा ठिपका

सेगेद, नोव्हेंबर. तिसा नदीवर धुकं
इतकं दाट की पूल अर्ध्यावरच संपतो.
साडेपाचला मी प्रयोगशाळेचं कुलूप काढते
आणि आधी हात धुते, कोपरापर्यंत,
बाबांसारखेच.

बाबा खाटीक. डुक्कर कापायच्या दिवशी
पहाटे अंगणात वाफ, पालिंकाचे छोटे पेले,
आतडी उलटी करून धुवायचं काम आईचं
आणि मूत्राशय आमचं, पोरांचं:
राखेत चोळायचं, बोरूच्या नळीनं फुगवायचं,
वाळलं की चेंडू.
धाकटा लेहेल त्यात मटारचे दाणे घालून खुळखुळा करी.
संध्याकाळपर्यंत फुटायचाच.

आता तेच मूत्राशय
काचेच्या बरणीत, साबणाच्या पाण्यात,
तीन दिवस, तीन रात्री हेलकावतं.
पेशी सुटतात एकेक.
पाणी आधी गुलाबी, मग ताकासारखं, मग नुसतं पाणी.
उरतं ते पांढरं, ओलं, आरपार.
डुकराचं म्हणावं असं त्यात काही नाही,
माणसाचं म्हणावं असं अजून काही नाही.

एक कोपरा कापून मी रंगवते.
पेशी राहिली असेल तर तिचं केंद्रक निळं दिसतं.
एकही निळा ठिपका नको.
एक दिसला तरी सगळी बरणी पहिल्यापासून:
परका ओळखण्यात शरीर
आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांहून तरबेज.

वेंडेल चौथ्या मजल्यावर, खाट सात.
कौलं बसवता बसवता तुळईवर कोसळला,
दोन्हीकडे दोन पाय.
आतली वाट व्रणानं आवळत गेली.
गालाच्या आतलं अस्तर दोनदा वापरून झालं.
रात्री तो बाथरूममध्ये वीस वीस मिनिटं उभा,
नळ सोडून, बायकोला ऐकू जाऊ नये म्हणून.
ती जागीच,
नळाआडचे थेंब मोजत.

डॉक्टर तीमार. आमच्या भाषेत तीमार म्हणजे
कातडं कमावणारा.
त्या म्हणतात, आडनावाला जागते आहे.
माझा तुकडा त्यांनी दिव्यासमोर धरला,
एकदा ताणून पाहिला, बाजारात कापड पाहावं तसा,
आणि शिवला.
शिवताना त्या बोलत नाहीत.

आधीचा एक आक्रसला होता. शाळामास्तर, नाव सांगत नाही.
सहा महिन्यांत वाट पुन्हा बंद.
पेशी आल्याच नाहीत
की आल्या आणि परत फिरल्या,
कुणालाच सांगता आलं नाही.
त्या बरणीचा नंबर मला पाठ आहे.

वेंडेलनं विचारलं, डुक्कर कुणाकडचं?
फॉर्मवर आकडा असतो, गाव नसतं.
मी म्हटलं, खाऊनपिऊन सुखी होतं.
तो हसला, टाके दुखले, मला शिवी दिली.

तीन आठवड्यांनी नळी काढली.
यंत्राच्या नरसाळ्यापुढे तो, कागदापाशी मी,
बायको दाराबाहेर, हातमोजे न काढता.
पेन बराच वेळ सपाट रेघ ओढत राहिलं.
मग आधी आवाज आला,
रेघ नंतर चढली.
शेजारचा नळ बंद होता.

वर्षानं, दुर्बिणीतून काढलेला कणभर नमुना
माझ्याकडे आला. रंगवला.
कडेकडेनं
निळे ठिपके.
मोजले. चष्मा पुसून पुन्हा मोजले.
हे त्याचे, वेंडेलचे,
चालत आलेले.

मधे थोडं अजून रिकामं आहे.