बरणीतली कवळी

फहाहीलच्या खोलीत, पहाटे साडेचारला,
साबणाच्या हातातून निसटली.
बेसिनमध्ये टणकन दोन तुकडे,
आणि एका दाताचा कपचा जाळीत अडकलेला.

बिजू फेविक्विक घेऊन धावला.
म्हटलं, नको रे, हिरडी सोलते त्यानं,
आणि एकदा वाकडी चिकटली
की डॉक्टरही हात टेकतो.
लोणच्याच्या रिकाम्या बरणीत पाणी भरलं,
तुकडे ठेवले. कपचासुद्धा.
बरणीला अजून मोहरीचा वास.

दवाखाना रविवारी.
तोवर खुबूस चहात बुडवायचा
आणि साइटवर कमी बोलायचं,
शटरिंगचं फटरिंग होतं,
पोरं पुन्हा पुन्हा विचारतात.

शुक्रवारी घरचा व्हिडिओ कॉल.
मी फोन पंख्याकडे धरला.
"पंखा बरा आहे," जैतून म्हणाली,
"आता माणूस दाखवा."

दाखवला.
ती बघत राहिली. मग तोंडावरची ओढणी काढली.
"माझी मे महिन्यापासून ट्रंकेत आहे, मोडकी.
सांगितलं असतं तर
पैसे मागितल्यासारखं झालं असतं."

मला हसू आलं, फुसफुसत. तिलाही.
रविवारी एकीची दुरुस्ती,
आणि चिपळूणला नवीन कितीला पडते,
तेही विचारून ठेवतो.