खाडे

ग्रिम्सबीत सकाळी साडेसहाला रात्रपाळी सुटते.
हातमोजे काढले तरी हॅडॉकचा वास बोटांत राहतो,
लिंबानेही जात नाही.
रात्रभर मी माशांच्या पोटात सुई खुपसते:
शून्याच्या वर दोन, फार तर तीन,
त्याहून चढलं तर अख्खा ट्रे बाद.

मग घरी येऊन झोप,
आणि दुपारी दोनला, डोळे नीट उघडायच्या आधी,
पाण्याचा घोट नाही, कुशीवर वळणं नाही,
उशीखालचा थर्मामीटर जिभेखाली.
छत्तीस पूर्णांक चार.
छत्तीस पूर्णांक चार.
छत्तीस पूर्णांक तीन.
खिडकी उघडी राहिली होती का काल?

पाळी हा शब्द आपल्यात किती ठिकाणी राबतो.
रात्रपाळी, दिवसपाळी.
"आता तुझी पाळी हं," म्हणालेली
जावेच्या डोहाळजेवणातली मावशी.
आणि ही,
जिला आई फोनवर अजून "अडचण" म्हणते,
जणू घाटात ट्रक आडवा झालाय.

नर्स बेव्हर्लीने आलेखाचा कागद स्वतःकडे फिरवला.
"पुढून मोजलंत?"
चौदावा दिवस, म्हटलं, सगळे हेच तर सांगतात.
ती हसली नाही. पेनाचं टोक शेवटच्या चौकोनावर ठेवून
उलटी निघाली, तेरा घरं,
आणि एकविसाव्यावर थांबली.
"तुमचं चक्र चौतिसाचं. मागून मोजायचं.
अंडं जेमतेम एक दिवस जगतं,
त्याच्या आधीचे पाच दिवस तुमचे.
ताप चढतो तो नंतर,
गाडी सुटल्यावर वाजणारी घंटा ती."

तीन वर्षं.
तीन वर्षं आम्ही
पाहुणा यायच्या आठवडाभर आधीच
पाट मांडून बसत होतो,
आणि ताट निवलं की एकमेकांकडे बघत होतो.

"आधी खूण होते," ती म्हणाली,
"अंड्याच्या पांढऱ्यासारखी, बोटांत ताणली तरी न तुटणारी."
ती मला ठाऊक होती. तेरा वर्षांची असल्यापासून.
मला वाटायचं, आत काहीतरी नासलंय.
विचारणार कोणाला, आणि कोणत्या शब्दात?
मत्स्यशास्त्राची पदवी आहे माझी, रत्नागिरीची.
गाबोळी नुसती दाबून सांगते मी
मादी किती दिवसांत अंडी सोडणार होती.
स्वतःच्या ओटीपोटाबद्दल शिकवलेलं एवढंच:
लोणच्याच्या बरणीला हात लावू नकोस.

रविवारी आईने विचारलं, "काही विशेष?"
मी नेहमी म्हणते, "नाही गं, तुमचं?"
या वेळी म्हटलं, आई, तू मोजायचीस?
फोन गप्प. मागे कोणाचा तरी मिक्सर लागला, थांबला.
मग म्हणाली, कॅलेंडरवर फुली मारायचे.
दुधाच्या खाड्यासारखीच, कोणाला कळू नये म्हणून.
तुझे बाबा महिनाअखेर सगळ्या फुल्या धरून
गवळ्याचे पैसे कापायचे.
चार दिवस जास्तीचे. दर महिन्याला.
"आणि गवळी?"
"बिचारा. एकदा म्हणाला, वहिनी, मी तर रोज येतो.
मग मीच डाळीच्या डब्यातून
त्याचे चार दिवस भागवायचे."

आम्ही दोघी इतक्या हसलो
की निनाद दारात येऊन बघून गेला.
हसू ओसरल्यावर ती हळूच म्हणाली,
"तुझ्या वेळी पानंच्या पानं कोरी.
बाबा म्हणाले, गवळी सुधारला वाटतं."

आज छत्तीस पूर्णांक सात. सलग तिसरा दिवस.
घंटा वाजून गेलीय,
गाडीत कोणी चढलं का, माहीत नाही.
फ्रीजवरच्या कागदावर दहा चौकोन रिकामे आहेत.
संध्याकाळी बूट चढवताना
निनाद स्वयंपाकघरातून विचारतो,
दूध आणू का?
आण, म्हटलं. दोन पाइंट.